आज मंगेशच्या दारात कोणी गाडी रेव्ह करायची नाही

मंगेश "पॅशनसाठी" गेला नाही. तो आमच्यामुळे गेला.

आज वर्ष झालं. सकाळपासून फीडवर त्याचा तोच फोटो फिरतोय. बॉनेट उघडं, हाताला ग्रीस, दात काढलेले. खाली लिहिलंय, आवडतं काम करता करता गेला, नशीबवान माणूस.

कसला नशीबवान? छातीवर गाडी पडली त्याच्या.

आणि आता ग्रुपवर प्लॅन शिजलाय. संध्याकाळी बारा गाड्या बेसा भागातल्या त्याच्या घरासमोर लावायच्या आणि सगळ्यांनी एकदम रेव्ह करायच्या, म्हणजे जागेवरच ॲक्सिलरेटर दाबून इंजिन गर्जवायचं. ट्रिब्यूट म्हणे.

ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायच्या आधी हे पूर्ण वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही पाच जण. वीस-वीस वर्षं जुन्या, एकेकाळी जोरात पळणाऱ्या गाड्या घ्यायच्या, टर्बो लावायचा, सस्पेन्शन बदलायचं. दर रविवारी सकाळी मंगेशच्या पोर्चमध्ये जमायचं.

मंगेशची सेडान इतकी खाली बसवलेली की बंपर जमिनीपासून चार बोटं. तिच्याखाली जॅक जायचाच नाही.

म्हणून आमची एक पद्धत होती. चौघांनी हातांनी पुढचा भाग उचलायचा, पाचव्यानं जॅक सरकवायचा. मग लोखंडी स्टँड लावायचे. मग प्रत्येकानं गाडीला एकेक धक्का देऊन "बसली" म्हणायचं. पाच वेळा "बसली" ऐकल्याशिवाय मंगेश कोणाला गाडीखाली जाऊ द्यायचा नाही.

एकदा मी चार वेळा ऐकून आत सरकलो, तर पाय धरून बाहेर ओढलं मला.

"मराचं आहे का बे तुले? मंग रिंग रोडवर जाय. माझ्या पोर्चमधे नाही."

अशा माणसाला सेफ्टीचं भान नव्हतं, असं काही शहाणे कॉमेंटमध्ये लिहून राहिले.

त्या रविवारी दुपारी त्याला त्याच्या बाबांना, आमच्या काकांना, नरखेडला लग्नाला न्यायचं होतं. काका त्या गाडीत कधीच बसायचे नाहीत. आवाजानं डोकं दुखतं म्हणायचे. म्हणून मंगेश तो फाडफाड वाजणारा सायलेंसर काढून कंपनीचा जुना, शांत सायलेंसर परत लावणार होता.

बापासाठी.

कळलं? त्याच बापाच्या दारात तुम्ही बारा सायलेंसर वाजवायला निघालात. लाज वाटू द्या थोडी.

आता माझं ऐका.

मंगेशचे चारही स्टँड माझ्या डिकीत होते. आदल्या आठवड्यात माझ्या गाडीचे ब्रेक करायला मीच नेले होते.

सकाळी आठला त्याचा मेसेज आला. "कुठं आहे बे सगळे? स्टँड आण. बाबाले घेऊन बाराला निघाचं आहे."

मी लिहिलं, "निघालो. दहा मिनिटं."

मी निघालो नव्हतो. आम्ही चौघंही सदरला एका ठेल्यावर तर्री पोहे खात होतो. रोहितनं लिहिलं, "ऑन द वे". बाकी दोघांनी अंगठे टाकले. आणि मग आम्ही दुसरी प्लेट सांगितली.

हे खोटं आम्ही दर रविवारी बोलायचो. "निघालो" म्हणजे अजून अर्धा तास, एवढं सगळेच धरून चालायचे. कोणाला त्याचं काही वाटायचं नाही.

नऊला परत मेसेज. "येऊन राहिले का नाही?"

मी लिहिलं, "रस्त्यातच आहे गा."

साडेनऊनंतर त्यानं विचारणं बंद केलं. शेजारच्या बांधकामावरून सिमेंटचे ब्लॉक आणले. चाकांखाली फळ्या घालून गाडी वर घेतली, जॅक लावला, ब्लॉकवर टेकवली. एकट्यानं. धक्का देऊनही पाहिला असेल. तेव्हा ब्लॉक फुटला नसेल, नंतर फुटला.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. पुढचं मी लिहू शकत नाही.

पण एक गोष्ट लिहिणार आहे. ती आम्हा चौघांशिवाय कोणाला माहीत नाही.

त्याच दुपारी, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, रोहित म्हणाला, "ते सकाळचे मेसेज काढून टाका बे सगळे."

आम्ही काढले. डिलीट फॉर एव्हरीवन. मंगेशच्या फोनचा लॉक घरी कोणालाच माहीत नव्हता, तरी आम्ही तेवढीही रिस्क घेतली नाही. एकानंही नाही म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

रोहित, राग आला तर ये घरी. पत्ता माहीत आहे तुला.

वर्षभर काका येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत राहिले. "पोरगं बेफिकीर निघालं माझं. इतका शिकला, पण अक्कल नाही आली." मी समोर बसून हे ऐकलं. तीनदा. चहा पिऊन परत आलो.

आज सकाळी जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

काकांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

मग विचारलं, "किती वेळ वाट पाह्यली त्यानं?"

"दीड तास."

"दीड तास," ते म्हणाले. "अन् मी वर्षभर त्या लेकराले शिव्या देऊन राहिलो."

मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"माझ्या पाया नको पडू. हे लिही. तुमच्या त्या दोस्तायले वाचू दे. तुझ्या नावानं लिही."

लिहिलं, काका. माझ्याच अकाउंटवर, माझ्या नावानं.

मंग्या, तुले श्रद्धांजली वाहाले मले तोंड नाही. माफ नको करू गा.