तालुक्याला गेलेलं चित्र

आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनी मला फसवलं. आज माझ्या रंगांच्या दुकानात गेरूचं पोतं फोडलं आणि त्या मातकट वासाने अकोले तालुक्याच्या डोंगरातली, बहात्तर सालची आमची शाळा आठवली. गेरू, हळद आणि काजळ कालवून मी भाताची आवणी, चिखलात रोपं लावणाऱ्या बायका, रंगवली होती. बोटं आठवडाभर तांबडी राहिली.

"लई झ्याक! तालुक्याच्या प्रदर्शनाला धाडू," गुरुजी म्हणाले.

"माझं नाव टाकाल तरच देते."

"टाकतो गं, बये!"

प्रदर्शनात चित्राखाली पाटलांच्या मुलीचं नाव होतं. गुरुजी खाली बघत पुटपुटले, "शाळेवर पत्रे पाटलांनी घातलेत, पोरी. समजून घे."

आता दुकानातल्या रोजच्या घासाघिशीत मीही तडजोडी करून थकलेय. पत्रे हवे होते, हे कळतं. पण गुरुजी, त्या पत्र्यांची किंमत दहा वर्षांच्या मुलीकडून, तिला न विचारता का घेतलीत? अजून हयात आहात, उत्तर द्या.