गार कॉफीची पैज

"ती रिहाब ना, सरकारची हेर आहे! गोड बोलून मनातलं काढून घेते आणि वर पोचवते." जॉर्डनमधल्या झर्का शहरातल्या आमच्या गल्लीत हेच ऐकू येई. खरं तर मनाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांसाठी ती घरोघर प्रश्न विचारायची. उत्तर सगळीकडे एकच: "अल्हम्दुलिल्लाह, मजेत!" आणि धाडकन दार बंद. मी सगळ्यांच्या नकला करायचो, रिहाबचीसुद्धा.

"माझी इन्शिराह मावशीही हेच म्हणेल," मी तिला म्हणालो. "हरलो तर तुझी नक्कल बंद."

मावशीने कॉफी दिली. रिहाबने कप तसाच खाली ठेवला. आमच्यात मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफीला शिवत नाही, आणि ती गार झाली तर नाचक्की यजमानाची.

"पी की गं बाई!"

"आधी खरं सांगा, मावशी. झोप लागते?"

"म्हणजे उद्या 'वेडीची मुलगी' म्हणून माझ्या लेकीचं लग्न मोडायला बरं!"

"तुमचं नाव कुठेच येणार नाही."

मावशी संशयाने तिच्याकडे, मग कपाकडे बघत राहिली. वाफ विरली.

"नाही लागत," ती पुटपुटली. "छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. पी आता!"

रिहाबने गारढोण कॉफी एका घोटात संपवली. गल्लीत कितीही फर्माईश झाली, तरी तिची नक्कल मी आता करत नाही.