मिश्रीखालचे दात

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून पुष्कळ मुद्देमाल गेला. कोयते, काठ्या, रक्ताने माखलेले कपडे, बनावट शिक्के. त्यातलं फारसं काही आता डोळ्यांसमोर येत नाही. पण स्टीलच्या ट्रेमध्ये पडलेला, काळा झालेला एक कापसाचा बोळा मला आजही स्पष्ट दिसतो. तो कुठल्याही पंचनाम्यात आला नाही. तरी ते प्रकरण त्यानेच सोडवलं, असं मी मानतो.

तेव्हा मी केज तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दसरा होऊन गेला होता. आमच्या बीड जिल्ह्यात हे दिवस म्हणजे ऊसतोडीला निघण्याचे. वस्त्यांवर ट्रक लागतात, भांडीकुंडी, शेळ्या, पोरंबाळं वर चढतात आणि गावं रिकामी होतात. तोडीचं काम जोडप्याला मिळतं. एकट्या माणसाला मुकादम उभा करत नाही. त्यामुळे या दिवसांत आमच्याकडे घाईघाईने लग्नं उरकली जातात. ठाण्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि बरेचदा दिसूनही दिसत नाही. हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही.

सकाळची हजेरी संपत असताना ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदाराने उचलला आणि लगेच माझ्याकडे दिला. पलीकडे बाईचा आवाज होता, दबलेला.

"सायेब, आमच्या वस्तीवर उद्या दुपारी लगीन हाय. पोरगी लई लहान हाय. परवा ट्रक निघतोय कर्नाटकात. एकदा गेली की गेली."

"तुम्ही कोण बोलताय?"

"मपलं नाव इचारू नका." तिने वस्तीचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

स्टेशन डायरीला नोंद घेतली. एक महिला हवालदार आणि गावचे ग्रामसेवक यांना सोबत घेतलं. ग्रामसेवक हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. पण हे गृहस्थ नुकतेच बदलून आले होते, वस्तीवरची माणसं त्यांना नवीनच होती.

अंगणात मांडवाचे बांबू रोवणं चाललं होतं. मुलीचा बाप पुढे आला. त्याच्या पुढे त्याची बहीण, म्हणजे मुलीची आत्या. नवरा मुलगा तिचाच. घरातली सूत्रं तिच्या हातात आहेत, हे दोन मिनिटांत कळलं. मुलीची आई चुलीपाशी पाठमोरी बसून होती.

आत्याने न मागता कागद पुढे केले. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड. दोन्हींत जन्मतारीख एकच, वय एकोणीस पूर्ण. कागद अस्सल होते. शिक्का, सही, कुठेही खाडाखोड नाही. आधारवरचा फोटो तेवढा जुना, पुसट होता आणि चेहरा मिळताजुळता वाटत होता.

मुलीला बाहेर बोलावलं. हिरवी साडी, हातभर बांगड्या, डोक्यावर पदर. हवालदारबाईंनी नाव आणि जन्मतारीख विचारली. तिने कागदावरचं नाव आणि तारीख एका दमात म्हणून दाखवली. बोलताना तिचे दात दिसले. काळेभोर होते.

"बघा की सायेब तोंडाकडं," आत्या म्हणाली. "मिश्री लावती ती. ल्हान लेकरू मिश्री लावतं व्हय? कुणीतरी मेल्यानं जळून फोन केला आन् तुमी आलात गाडी घेऊन!"

अंगणातली माणसं हसली. ग्रामसेवक माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, कागद चोख आहेत. आपल्याला थांबवता येणार नाही."

खरं सांगतो, मीही निघायच्या विचारात होतो. त्याला कारण होतं. माझी आई जन्मभर मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटून डबीत भरायची. आमच्या वाडीतल्या सगळ्या बाया लावायच्या. काळे दात म्हणजे संसाराला लागलेली बाई, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून इतकं पक्कं होतं, की त्या दातांनी माझा संशय कागदांपेक्षा जास्त दूर केला. आत्याने नेमकं हेच ओळखलं होतं.

मी गाडीकडे वळलो, तेवढ्यात चुलीपासून आवाज आला.

"तिची दाढ दुखतीया. चार दिस झाले, भाकर चाववंना." आई उठून उभी राहिली होती. "गाडी हायच, तर दवाखान्यात न्या सायेब."

"तू गप बस गं!" आत्या कडाडली. "दाढंचं काय घेऊन बसली, उद्या लगीन हाय!"

"उद्या लगीन हाय म्हणूनच म्हणते. नवरी गाल धरून उभी ऱ्हाईल का मांडवात?"

मुलीचा हात खरोखरच उजव्या गालावर होता. मी बापाला म्हटलं, "चला, तासाभराचं काम आहे. तुम्हीही या, तुमच्या बहिणीलाही घ्या." आई पदराने हात पुसत तिथेच उभी राहिली. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टर म्हणून एक तरुण बाई होत्या. मी आत शिरताच त्या म्हणाल्या, "अरे वा, साहेब! तुमची दाढ मी अर्धी करून ठेवलीय. तीन महिने फरार आहात. आज स्वतःहून हजर झालात?"

हवालदारबाईंना हसू आवरेना. मी म्हटलं, "मॅडम, माझं नंतर बघू. आधी ही मुलगी."

या डॉक्टरांचं एक काम मला माहीत होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या तोंडावर मिश्रीचा काय परिणाम होतो, याच्या नोंदी त्या दोन वर्षांपासून ठेवत होत्या. वस्त्यांवर शिबिरं घेऊन प्रत्येक बाईचे दात, हिरड्या, गालाच्या आतली कातडी तपासून वहीत लिहायच्या. त्यांच्या टेबलावर अशा जाडजूड वह्या असायच्या. आमच्या शिपायांना ते खूळ वाटायचं.

त्यांनी मुलीला खुर्चीवर बसवलं, दिवा ओढला आणि "आ कर गं बाळ" म्हणाल्या. आरशाने आत पाहिलं आणि थांबल्या. मग कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा त्यांनी पुढच्या दातांवरून दोनदा फिरवला. बोळा काळा झाला. दात पांढरे निघाले.

"कधीपासून लावतेस मिश्री?"

मुलीने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "लगीन ठरल्यापास्नं म्हंजे... दोन वर्सं झाली की."

डॉक्टरांनी बोळा ट्रेमध्ये टाकला. "दोन वर्षांची मिश्री अशी पुसून निघत नाही, आत्याबाई. ती दातांच्या मुळाशी दगडासारखी बसते. हिरड्या खाली सरकतात, दात झिजतात. हिच्या हिरड्या भरलेल्या आहेत. फक्त भाजल्यासारख्या लाल झाल्यात. ही मिश्री चार-पाच दिवसांची आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि दुखतेय ती दुधाची दाढ आहे. हलतेय."

मी खुर्चीतून उठलोच. "म्हणजे मुलगी लहान आहे!"

"बसा साहेब. इतकी घाई नको. खाली पक्का दात नसेल तर एखादा दुधाचा दात मोठ्या माणसाच्या तोंडातही राहतो. मी पाहिलेत असे. एक्स-रे काढू, मग बोलू."

हे मला फार शिकवून गेलं. मला जे ऐकायचं होतं ते त्या सहज म्हणू शकल्या असत्या. पण तपास त्यांचा होता आणि तो त्यांनी नीट केला. मुलीला विचारलं, बापाची केस पेपरवर सही घेतली आणि एक्स-रे काढला.

चित्र पडद्यावर आलं. दुधाच्या दाढेखाली पक्की दाढ वर यायच्या वाटेवर होती, तिचं मूळ अर्धंच वाढलेलं. मागच्या मोठ्या दाढेच्या मुळांची टोकं अजून उघडी होती. डॉक्टरांनी पेनाने एकेक जागा दाखवली. "वाढ पुरी झाल्यावर ही टोकं बंद होतात. मी जन्मतारीख सांगू शकत नाही. पण एकोणीस हे वय या तोंडाचं नाही. बारा-तेराच्या आसपास. तसं लिहून देते."

आत्या उसळली. "आता पोलिसांनी दात मोजायचे व्हय? कागदाला काही किंमत हाय का न्हाई?"

"बाई," मी म्हटलं, "दात तुम्हीच दाखवलेत. मी तर कागद बघून निघालो होतो."

मी बापाला आणि आत्याला बाहेर नेलं. आत डॉक्टरांनी मुलीच्या हातात आरसा दिला. नंतर हवालदारबाईंनी मला सांगितलं, ती पोर कितीतरी वेळ आपले दात बघत राहिली. ओठ वर करून, मान वळवून. मग हळूच म्हणाली, "आत्यानं लावाय सांगितली. आग आग व्हायची, तरी थुकू नगं म्हणली." हवालदारबाईंनी पुन्हा नाव विचारलं. आता तिने दुसरंच नाव सांगितलं. स्वतःचं. शाळाही सांगितली. आष्टीकडच्या आजोळी राहून ती सातवीत शिकत होती.

ठाण्यात मी बापाला एकट्याला समोर बसवलं. चहा मागवला. आवाज चढवला नाही. माझा अनुभव असा, की मनातून आधीच खचलेल्या माणसाला ओरडून काही मिळत नाही, तो आणखी आत शिरतो. डॉक्टरांचा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "दाखला कुणाचा?"

त्याने कप बाजूला सारला. "थोरलीचा," म्हणाला. "ती सासरी हाय. तिचंबी असंच केलं, सायेब. तवा कुणी इचारलं न्हाई."

"आणि हिचं का?"

"भाच्याला जोडीदार पायजे. अक्का म्हणली, तुझी देतो का परकी आणू? मला न्हाई म्हणता येईना." मग तो एकदम म्हणाला, "ती हुशार हाय ओ. मपलं नाव इंग्रजीत लिहिती."

आजोळच्या शाळेत फोन लावला. मुख्याध्यापक सुट्टीवर होते, तरी शाळेत गेले, जनरल रजिस्टर काढलं आणि पानाचा फोटो पाठवला. मुलीला तेरावं नुकतंच लागलं होतं. खाली त्यांनी लिहिलं होतं, "वर्गात पहिली असते. कृपया परत पाठवा." साक्षांकित प्रत आणायला त्याच संध्याकाळी शिपाई रवाना केला.

दुसऱ्या दिवशी मांडवाचे बांबू निघाले. बाप, आत्या आणि नवरा मुलगा यांच्यावर गुन्हा दाखल झाला. मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर केलं आणि तिथून ती आजोळी, आपल्या शाळेत गेली. तिसऱ्या दिवशी ट्रक तिला न घेता निघाला. वस्तीच्या वळणावर उभा राहून मी तो जाताना पाहिला. चौतीस वर्षांत मला बक्षिसं मिळाली, प्रशस्तिपत्रं मिळाली. पण त्या धुळीत उभं असताना वाटलं तेवढं मोठं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. चोख कागद म्हणजे चोख गोष्ट नव्हे, ही पहिली. ती प्रत्येक पोलिसाला कधी ना कधी कळते. दुसरी जरा जड आहे. मला त्या आत्याने फसवलं नव्हतं, माझ्या सवयीने फसवलं होतं. जे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं, ते तपासायचं आपल्या मनातच येत नाही. ती डॉक्टर मात्र रोज तेच बघत असूनही प्रत्येक तोंड नव्याने उघडून बघत होती, लिहून ठेवत होती. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आईने मिश्रीच्या डबीत चाराणे-आठाणे साठवून मला वह्या घेऊन दिल्या, गुरुजींनी घरी बोलावून शिकवलं. शिकलेल्या माणसाने करायचं काय, हे मला त्या दिवशी दातांच्या खुर्चीशेजारी उभं राहून समजलं. त्यानंतर ठाण्याच्या हद्दीतल्या प्रत्येक शिबिराला मी गाडी दिली आणि स्वतः हजर राहिलो.

माझी ती अर्धी दाढ मात्र तशीच राहिली. निवृत्तीनंतर, मागच्या वर्षी, ती शेवटी काढायची वेळ आली. रुग्णालयाच्या बाकावर नंबराची वाट बघत होतो, तर एक बाई समोर येऊन उभी राहिली. हातात पेढ्यांचा पुडा.

"वळखलं का सायेब? पोरगी बारावी झाली. नर्शिंगला नंबर लागला तिचा."

मी ओळखलं. चुलीपाशी पाठमोरी बसलेली, मग उठून उभी राहिलेली ती आई. ती हसली तेव्हा दिसलं, तिचे दात स्वच्छ होते. जुने डाग तेवढे मुळांशी राहिले होते.

"मिश्री सोडली?"

"त्याच दिशी डबी चुलीत टाकली."

मी पेढा घेतला आणि तोंडाकडे नेला. इतकी वर्षं जे मला वाटत होतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं, ते तिने स्वतःच काढलं.

"सायेब, तवा फोनवर नाव इचारलं व्हतं तुमी. मी भेले, सांगितलं न्हाई." तिने पदर सावरला आणि त्या भरलेल्या बाकांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं.