ऐकलेलं परत म्हणणारा माणूस

गाव ज्याला ‘दर्याचा डॉक्टर’ म्हणायचं तो वीरुपाक्ष शेटे डॉक्टर नव्हता, आणि हे तो स्वतःच भेटेल त्याला सांगत सुटायचा. माणसं नसलेली पदवी मिरवतात. हा आयती मिळालेली परत करायचा. मी तेव्हा पिंगळीला असिस्टंट स्टेशन मास्तर होतो. नाव माझं रंगनाथ, पण गावाला मी नुसता मास्तर. वीरुपाक्ष चौदा दिवस कामावर आणि चौदा दिवस घरी असायचा. जाताना आणि येताना त्याचं तिकीट माझ्याच खिडकीवर व्हायचं, म्हणून ओळख.

त्याच्या वडिलांचं, बसप्पांचं, गावात किराण्याचं दुकान. मुलानं गल्ल्यावर बसावं एवढीच त्यांची इच्छा. पण हा नर्सिंग शिकला, परभणीच्या एका दवाखान्यात ब्रदर म्हणून लागला, आणि एकोणऐंशी साली पेपरातली जाहिरात वाचून मुंबईच्या समुद्रात तेलाच्या विहिरी खणणाऱ्या रिगवर मेडिक झाला. त्याआधी त्यानं पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे गंगाखेडची गोदावरी. ती पण उन्हाळ्यातली.

समुद्राचं तो सांगायचा तेव्हा मी तिकिटं मोजायची विसरून जायचो. अडीचशे फूट पाण्यात लोखंडाचे पाय रोवून उभं राहिलेलं ते धूड. जुहूवरून हेलिकॉप्टर निघालं की तास-सव्वा तास खाली नुसतं पाणी. सत्तर-ऐंशी माणसं, तासन् तास कानठळ्या बसवणारी यंत्रं, आणि त्या सगळ्यांच्या जिवाला हा एकटा. दोन खाटांची खोली, एक कपाट औषधं, आणि एक रेडिओ. डॉक्टर किनाऱ्यावर. यंत्राजवळ गळ्यात काही घालायचं नाही असा तिथला नियम, म्हणून गळ्यातलं लिंगायताचं इष्टलिंग तो दंडाला बांधायचा.

“तितं रोज काय करता?” मी विचारलं होतं.

“रोज काय, दाढ दुखायली, डोळ्यात कचरा गेला, घरच्या आठवणीनं जेवण जायना. पिण्याचं पानी तपासायचं. भटारखान्यात हात धुतेत का न्हाई ते बघायचं.”

पण एकदा आषाढात एका कामगाराची तीन बोटं पाइपांच्या मध्ये चिरडली आणि वाऱ्यामुळं दोन दिवस हेलिकॉप्टर उडेना. दोन दिवस हा त्या माणसाचा हात वर धरून बसला. दर दोन तासांनी रेडिओवर नाडी सांगायची, रक्तदाब सांगायचा. पलीकडून डॉक्टर जे सांगेल ते अक्षर न अक्षर परत म्हणायचं. ‘बरोबर’ असं पलीकडून आलं की मगच औषधाला हात लावायचा. “दोन बोटं वाचली,” तो म्हणाला. गमावलेल्या तिसऱ्याचं त्याला आत्ताच घडल्यासारखं वाईट वाटत होतं.

गावाला मात्र या माणसाचा काडीचा उपयोग नव्हता. आमच्याकडं सुई टोचली नाही तर तो दवाखानाच नाही. आणि हा डॉक्टरनं सांगितल्याशिवाय सुईला हात लावत नसे. “दर्याचा डॉक्टर, पर गावात कोरडा,” असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे, आणि पाठीमागं भित्रा. मी पण एकदा कंबर धरली म्हणून इंजेक्शन मागितलं. त्यानं शेक सांगितला. मी पंधरा दिवस त्याच्याशी बोललो नाही. कंबर शेकानं बरी झाली, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

सन पंच्याऐंशी, भादवा. नामांतराच्या मोर्च्यानं परभणीचा रस्ता बंद, एसटी सकाळपासून नाही. दुपारच्या पॅसेंजरसाठी वीरुपाक्ष बॅग घेऊन बाकावर बसला होता. पॅसेंजर पूर्णेलाच अडकली होती आणि ती कधी सुटेल ते कुणी सांगत नव्हतं. तेवढ्यात एक बैलगाडी थेट फलाटावर आली. मी ओरडणार होतो, पण गाडीत गावातल्या धुरपताबाईचा मुलगा भुजंग होता. चोवीस वर्षांचा गडी. कपाशीवर औषध फवारताना वारं उलटं फिरलं होतं. तोंडातून फेस, अंगातून घामाच्या धारा, छातीत नुसती घरघर.

“मास्तर, गाडीत घाला माझ्या लेकराला,” धुरपताबाई म्हणाली. तिला वाटत होतं पॅसेंजर फलाटाला उभीच आहे.

वीरुपाक्षनं बॅग टाकली. भुजंगच्या पापण्या वर केल्या, बुबुळातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्यानं भुजंगच्या अंगावरचे औषधानं भिजलेले कपडे काढून फेकले आणि फलाटाच्या नळाखाली साबणानं त्याला धू-धू धुतलं, एका कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. एवढं त्यानं कुणाला न विचारता केलं. मग धुरपताबाई त्याच्या पाया पडायला लागली, “सुई दे रं बाबा, एक सुई दे.”

तो उठून माझ्या खोलीच्या दारात आला.

“मास्तर, पूर्णेच्या रेल्वे दवाखान्यातल्या डॉक्टरला कंट्रोलवर बोलवा.”

कंट्रोल म्हणजे आमचा टेलिफोन. सगळ्या स्टेशनांची मिळून एकच तार. एक बोलला की सगळ्या लाइनीवर ऐकू जातं. गाड्यांच्या कामाशिवाय त्यावर शब्द बोलायचा नाही, आणि नोकरीच्या अकरा वर्षांत मी बोललो नव्हतो. शिवाय आत बाहेरच्या माणसाला मनाई. मी तसं म्हणालो. आता लाज वाटते, पण म्हणालो.

“तुमी पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर मिळाल्याबिगर गाडी सोडता का?” त्यानं विचारलं.

“न्हाई.”

“आन् मिळालेली परत म्हणून घेता का न्हाई?”

“घेतो.”

“मला बी तेच पायजे. माझ्या मनानं एक थेंब देणार न्हाई मी. पर पलीकडून सांगणारा तर असू द्या.”

माझ्यासारखाच नियमाचा माणूस समोर उभा होता, आणि त्याचा नियम पाळायचा तर माझा मोडावा लागत होता. मी रिसिव्हर उचलला.

कंट्रोलर, म्हणजे सगळ्या गाड्या चालवणारे साहेब, हैदराबादला बसायचे. त्यांनी दोन वाक्यांत समजून घेतलं आणि सगळ्या लाइनीला सांगितलं, “सब स्टेशन सुनो. पिंगळी बोलेगा, पूर्णा बोलेगा. बाकी कोई नहीं.” ज्या तारेवर दिवसभर गाड्यांवरून आमची भांडणं चालायची, ती गप्प झाली. भुजंगला आम्ही माझ्या टेबलावरच निजवलं. पाच-सहा मिनिटांत पूर्णेचे रेल्वे डॉक्टर तिथल्या स्टेशनातून फोनवर आले. रिसिव्हर मी धरला, एका बाजूला माझा कान आणि एका बाजूला वीरुपाक्षचा.

डॉक्टर हिंदी-मराठी मिसळून म्हणाले, या विषावर अॅट्रोपिन लागेल, मिळेल का? वीरुपाक्ष म्हणाला, “जनावराच्या दवाखान्यात असंल.” माझा रूळ बदलणारा पॉइंट्समन सायकलीवर गेला आणि गुरांच्या दवाखान्यातला सूर्यभान मागं बसून आला, हातात बाटली, उकळलेली सिरिंज आणि सुया फडक्यात. आजारी म्हशीसाठी करत नाही एवढी घाई त्यानं केली.

“बाटलीवर लिवलंय, एका सीसीत एक मिलिग्रॅम,” वीरुपाक्षनं वाचून दाखवलं.

“दो मिलिग्रॅम शिरेत द्या. दर दहा मिनिटांनी.”

“दोन मिलिग्रॅम, म्हंजे दोन सीसी, शिरेतून. दर दहा मिनिटांनी.”

“बरोबर.”

तेव्हा कुठं त्यानं सुई हातात घेतली. मी गाड्यांच्या रजिस्टरात वेळ लिहिली, कारण दुसरा कागद हाताशी नव्हता. दुसरी सुई झाली तेव्हा पूर्णेची पॅसेंजर सुटायला तयार झाली. डॉक्टर म्हणाले, मी तिच्यातच बसून येतो, पण धावत्या गाडीत फोन नाही. जाता जाता त्यांनी नाडीबद्दल आणखी काही सांगितलं. तारेवर खरखर होती. वीरुपाक्षनं ते परत म्हटलं, आणि ‘बरोबर’ यायच्या आत डॉक्टर गाडीकडं पळाले होते.

आता पाऊण तास सांगणारं कुणी नव्हतं.

तिसरी सुई दिली. भुजंगची नाडी दीडशेला गेली. छाती भात्यासारखी, आणि घरघर थांबेना. चौथीची वेळ झाली तेव्हा वीरुपाक्ष सिरिंज भरून उभा राहिला, आणि उभाच राहिला.

“काय झालं?” मी विचारलं.

“लय पळायलीय नाडी. डॉक्टर नाडीबद्दल काय म्हणाले त्ये मी नीट ऐकलं का, मास्तर? ‘बरोबर’ आलं न्हाई.”

मलाही सांगता येईना. घड्याळात एक मिनिट वर गेलं. धुरपताबाई दारात पदर तोंडात धरून उभी होती. गावात ज्याला सगळे भित्रा म्हणायचे तो माणूस माझ्यासमोर खरोखरच भ्यालेला होता. त्यानं रिसिव्हरकडं तोंड नेलं आणि रिकाम्या तारेवर म्हटलं, “पिंगळी. दोन मिलिग्रॅम, दर दहा मिनिटांनी. नाडी...” आणि थांबला.

तारेवरून आवाज आला, “मिरखेल बोलतोय.”

मिरखेलचे मास्तर तात्याराव. त्यांचं-माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. गाडी कुणामुळं लेट झाली यावर आम्ही चार वर्षं भांडत होतो. “मी समदं ऐकलंय आन् लिवून घेतलंय,” ते म्हणाले. “लिवलंय ते वाचतो. नाडी पळाली तरी थांबू नका. छातीतली घरघर थांबेपर्यंत देत राहा. मग थांबा.”

लगेच दुसरा आवाज, पूर्णेचा. “पूर्णा. मी पण हेच लिहिलंय.”

आणि मग कंट्रोलर, शेकडो मैलांवरून. “कंट्रोल. मैंने भी यही लिखा है. बरोबर.”

म्हणजे ती गप्प झालेली लाइन नुसती गप्प नव्हती. स्टेशना-स्टेशनांत माणसं हातात पेन घेऊन बसली होती, भुजंगला कधी न पाहिलेली. माझे डोळे भरून आले. वीरुपाक्षचे नाही. त्यानं ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत परत म्हटलं आणि सुई दिली.

पाचवीनंतर घरघर कमी झाली. सहावीनंतर थांबली. बाहुल्या मोठ्या झाल्या, तोंड कोरडं ठाक पडलं, आणि भुजंग म्हणाला, “पानी.” वीरुपाक्षनं तारेवर कळवलं, “छाती मोकळी. सुई थांबवली. पेशंट पानी मागायलाय.” तात्यारावांनी नेहमीसारखं वसकन विचारलं, “पिंगळी, पॅसेंजर निघालीय हितून, सिग्नल देताय का झोपताय?”

डॉक्टर उतरले, भुजंगला तपासलं, रजिस्टरातल्या वेळा पाहिल्या आणि वीरुपाक्षला विचारलं, “कौनसे हॉस्पिटल में हो?”

“हॉस्पिटल न्हाई सायेब. समुद्रात असतो,” तो म्हणाला आणि पेशंटला धरून डब्यात चढला. भुजंगला परभणीच्या दवाखान्यात पोचवून तो रात्रीच्या गाडीनं पुढं कामावर गेला.

पुढं चौऱ्याण्णव सालापर्यंत तो ये-जा करत राहिला. भुजंग दर खेपेला त्याची बॅग उचलायला फलाटावर हजर असायचा आणि तो बॅग देत नसे. दोघांची ओढाताण बघून मला हसू यायचं. पण त्या पहिल्या खेपेला, चौदा दिवसांनी तो परतला तेव्हा, भुजंग समोर उभा असताना मी वीरुपाक्षला विचारलं होतं. मिरखेल बोललं नसतं तर चौथी सुई दिली असती का? ‘दिली असती’ एवढं म्हणायला कितीसे कष्ट होते? दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं.

त्यानं बॅग खाली ठेवली. भुजंगकडं बघितलं.

“न्हाई सांगता यायचं, मास्तर,” तो म्हणाला. मग त्यानं मिरखेलचं एक तिकीट मागितलं. तात्यारावांना त्यानं अजून बघितलेलं नव्हतं.