नदीकाठचा गोठा माळावर नेला तेव्हा

माझे यजमान हिवाळ्यात गेले. पहाटे छातीत कळ आली आणि साताऱ्याला पोचेपर्यंत सगळं संपलं. त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते मला नीट सांगता येत नाही. स्वयंपाक करत होते, पाहुण्यांशी बोलत होते, पण रडू आलं नाही. लोक म्हणायचे, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं.

उन्हाळ्यात सांगलीकडून फोन आला. यजमानांचे पलटणीतले मित्र. यजमान आणि ते एकदमच निवृत्त झाले होते. त्यांचं शेत कृष्णाकाठी.

"वहिनी, गोठा हलवायचा हाय. आता न्हाई पुरात ऱ्हायचं. माळाला जागा घेतलीय. तुमी या."

"मी येऊन काय करणार, भावजी?"

"काय न्हाई केलं तरी चालंल. पण या."

मोठ्या पुरात यजमान तिथे धावून गेले होते. दोघांनी गळ्याइतक्या पाण्यातून म्हशी सोडवून रस्त्यावर आणल्या होत्या. गोठा हलवू म्हणून तेव्हापासून त्यांचं बोलणं चालायचं. दरवर्षी राहून जायचं.

कोरेगावहून सकाळची गाडी धरून गेले. गोठा सागवानी होता, भावजींच्या आजोबांनी बांधलेला. खांबांवर माझ्या डोक्याच्याही वर, पार वळचणीपर्यंत पुराची मातकट रेघ होती. कौलं उतरवायला सुरुवात झाली. भावजी वर, त्यांची बायको शिडीवर, खाली शेजारचे दोघं भाऊ आणि मी. हातोहात कौलं यायची, मी ती ट्रॉलीत उभी लावायची. कौलांखालच्या पट्ट्यांवर वाळलेला गाळ होता, त्यात नदीतल्या बारक्या गोगलगायींचे शंख अडकलेले. इतक्या उंचावर. मी ते नुसते बघितले आणि पुढचं कौल घेतलं.

दुपारी पट्ट्या काढताना भावजींची बायको एकदम ओरडली, "आवं ताई, हात! हात बघा तुमचा!"

गंजलेल्या खिळ्याने तळहात खोल फाटला होता. हातातली पट्टी लाल झाली होती, साडीवरही डाग पडले होते. मला काहीच कळलं नव्हतं. मी त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत राहिले. तिने पाणी ओतलं, हळद दाबली, स्वतःच्या पदराचा काठ फाडून बांधला.

"दुखतंय का लय?"

"नाही," मी म्हणाले. खरंच नव्हतं दुखत.

भावजींनी मोटरसायकलवरून डॉक्टरकडे नेलं. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. परतताना नदीजवळच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली, उतरले आणि रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून रडायला लागले.

"त्यो असता तर तुमाला खिळ्याला हात लावू दिला नसता. मी बोलावलं. मीच."

मी त्यांच्या पाठीवर पट्टी नसलेला हात ठेवला, कारण अशा वेळी तसं करतात. समोर उसाला पाणी चाललं होतं. ते रडून होईपर्यंत मी पाटातलं पाणी बघत उभी होते. त्यांचा थोडा हेवाही वाटला.

दुसऱ्या दिवशी मला कामाला हात लावू देईनात. मग मी लाकडांवर खडूने खुणा केल्या, कुठली तुळई कुठल्या खांबावरची. खांब पहारीने मोकळे केले तेव्हा दोन बुडाशी पार कुजलेले निघाले. त्यांची बुडं कापून टाकली. त्यामुळे माळावर सगळेच खांब तेवढ्या उंचीचे करावे लागले आणि गोठा आधीपेक्षा बुटका झाला. भावजींची बायको आत उभी राहून म्हणाली, "आता ह्यांना वाकूनच यावं लागंल. बरं झालं, कुणापुढं तरी वाकतील." शेजारचे भाऊ मोठ्यांदा हसले. भावजीही हसले. मीही हसले असेन.

म्हशी आणल्या. बाकीच्या सरळ आत गेल्या, एक म्हातारी मात्र दारातच पाय रोवून उभी राहिली. ओढली, चुचकारलं, पेंड दाखवली. शेवटी सगळ्यांनी तिचा नाद सोडला. सगळे चहाला बसल्यावर ती आपली आपण आत गेली.

पावसाळ्यात परत फोन आला. जुन्या जागेवर पाणी आलं होतं, पार बाभळीच्या शेंड्यापर्यंत. म्हशी वर कोरड्यात रवंथ करत होत्या.

"ऐकताय न्हवं, वहिनी?"

"ऐकतेय. बरं झालं."

"दिवाळीत या. एवढं तरी ऐका."

"येईन," मी म्हणाले, आणि दिवाळीत गेले.