दहा आधी, दोन नंतर

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आता सांगायला बसलेय खरी, पण एका जागी बसवत नाहीये. मध्येच उठले तर हाताला धरून खाली बसवा.

जायकवाडी धरण तळाला गेलं होतं, त्या वर्षीचं आहे हे. गारखेड्याच्या पलीकडं आमची नवी कॉलनी. बिल्डिंगा भराभर उठल्या होत्या आणि नळ कोरडे. टँकरच्या कंत्राटदारानं मला वेबसाइट करायला सांगितली — सकाळी मोबाईलवरून नंबर लावायचा, ज्याचा नंबर आधी त्याच्या दारात पाणी आधी. माझं पहिलंच स्वतःचं काम. लई मिरवले मी!

त्याला आकडे मराठीत पाहिजे होते. म्हणजे आधी संख्येचा मजकूर करायचा, मग ते ‘९’ पडद्यावर दिसतं. तेवढं जमलं. पण पुढं क्रम लावताना मी मूळ संख्या घ्यायची सोडून तो मजकूरच घेतला. आणि मजकुराचा क्रम शब्दकोशासारखा लागतो — पहिलं अक्षर बघून. १०, ११, १२ यांचं पहिलं अक्षर १च, म्हणून एकच्या मागं दहा, अकरा, बारा... दोनची पाळी त्यांच्यानंतर. नऊ तर पार शेवटी. तपासताना मी आठच नावं टाकली होती. आठपर्यंत सगळं छानच दिसणार, नाही का?

टँकर युसूफचाचा चालवायचे. त्यांच्या मोबाईलवर नंबर येतच नव्हता, फक्त पुढच्या घराचं नाव. पाणी दिलं की बटण दाबायचं, दुसरं नाव यायचं. बिचारे तिकडं गाडी वळवायचे. आणि पहाटे उठून नंबर लावणाऱ्या चव्हाणकाकूंच्या दारात येईस्तोवर टँकर रिकामा. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे, त्यांची घाण झालेली चादर धुवायला पाणी नाय. रोज हेच. काकूंचं डोकं फिरलं.

“हा म्हातारा ओळखीच्यांना आधी देतो!” कॉलनीच्या भर मीटिंगमध्ये त्या ओरडल्या.

“मोबाईल बोलता वैसाच करता मैं,” चाचा म्हणाले.

सगळे माझ्याकडं वळले. आणि तेव्हाच, तिथंच, मला कळलं. दहा आधी, दोन नंतर. काय म्हणाले मी? म्हणाले, “वेबसाइट बरोबर आहे.”

तुम्ही म्हणाल, घाबरली असशील. कशाची घाबरतेय! लाज वाटली. एवढ्या लोकांत, एवढी साधी चूक, आणि ती माझी — हे मला सहन होईना. एवढ्यासाठी मी एका माणसाला खोटं पाडलं.

कंत्राटदारानं चाचांना काढलं. त्याच संध्याकाळी मी चूक दुरुस्त केली. एक ओळ होती, एक! दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर आला, टँकर नंबराप्रमाणं फिरला, काकूंची टाकी भरली. लोक म्हणाले, बघा, म्हातारा गेला आन् सगळं सुरळीत झालं. मी दुरुस्ती केली आणि चाचा आणखीच खोटे ठरले. तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी? नाही बोलले.

पुढं कधीतरी चिकलठाण्याला एका कारखान्याच्या गेटवर ते दिसले, वॉचमनच्या कपड्यांत. मी मान खाली घालून सटकणार, तर त्यांनीच हाक मारली. चहा मागवला. आईची तब्येत विचारली. मग म्हणाले, “बेटी, मेरेसेच बटन उल्टा दबता था क्या?” विचारताना अंगठा हवेत दाबून बघत होते.

ओठावर आलं होतं हो माझ्या. अगदी ओठावर.

“होतं असं, चाचा,” मी म्हणाले. “वय झालं की होतं.”

त्यांनी मान हलवली. “फिर वो काकी को बोलना, माफ करो बोले चाचा.”

मी घरी आले आणि काकूंना तो निरोप दिला.