वहिनींचे तोरण

झेंडूचा उग्र वास आला की नव्वदच्या दशकातला, पंचवटीतला तो दसरा आठवतो. आषाढात थोरले बंधू गेले, आणि आश्विनात आमच्या मळ्यात झेंडू भरभरून फुलला. विधवेच्या हातचे तोरण कुणी दाराला लावत नाही, हे ठाऊक असूनही वहिनी सकाळीच रस्त्याकडेला हातगाडी लावून तोरणे ओवत बसल्या. शेजारची म्हातारी फूलवाली म्हणाली, "बाई गं, तुझ्या हातचं तोरण नेईल कोण?" वहिनींची सुई थांबली नाही. "ते गेल्यावर याच हातांनी रोपं लावली, मावशी. फुलं नाही रुसली." उन्हे चढली तरी गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा मी हळूच म्हणालो, घरी जाऊ या. "भाऊजी, टोपली उचलायची ती रिकामी झाल्यावर," असे म्हणून त्यांनी पहिले तोरण आमच्याच हातगाडीला बांधले आणि खणखणीत आवाजात भाव पुकारला. दुपारपर्यंत टोपलीत नुसत्या पाकळ्या उरल्या. यंदा माझी पत्नी गेली. दसऱ्याला दार सुनेच राहू दे, असे सगळे म्हणाले. मी स्टुलावर चढलो आणि वहिनींनी ओवून पाठवलेले तोरण दाराला बांधले.